विहिरीतले तीन चौकोन

पोहायला कुठे शिकलात असं कुणी विचारलं की मी ‘विहिरीत’ म्हणते आणि समोरचा माणूस हसतो. वाईट हेतूने नाही, कौतुकानेच हसतो, पण मला त्या कौतुकाचाच राग येतो. त्याच्या डोळ्यांपुढे सुट्टीत मामाच्या गावाला जाऊन धबाधब उड्या मारणारी पोरं असतात. मी विहिरीत मजा करायला उतरले नव्हते. विहीर आमची होती, शेत तिच्यावर चालायचं, मी दिवसभर तिच्या आसपास खेळायचे, आणि एखाद्या दिवशी पोर आत पडून मरू नये म्हणून बाबांनी मला पोहायला शिकवलं. तेव्हा मी सहा वर्षांची होते.

आमचं गाव हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. काळी जमीन, कपाशी, तूर, विहिरीच्या अंगाला संत्र्याची थोडी झाडं. विहीर गोल, दगडांनी बांधलेली, आणि एका बाजूने पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या. बाबांनी माझ्या पाठीला गोडेतेलाची रिकामी कॅन बांधली, स्वतः कमरेएवढ्या पाण्यात खालच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, “हात मारत राहाजो, माय. थांबली का बुडली.” शिकवण्याची पद्धत एवढीच. आठवड्याने कॅन सुटली आणि महिन्याने मी विहिरीला पूर्ण फेरा मारायला लागले.

नियम मात्र एक होता आणि तो कडक होता. पायऱ्या सोडून विहिरीच्या भिंतीला कुठेही हात लावायचा नाही. दगडांच्या सांध्यांत कपारी होत्या, कपारींत पारवे राहायचे आणि पारव्यांच्या अंड्यांसाठी साप यायचे. बाबांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे, ती अशाच एका कपारीमुळे. लहानपणी पोहता पोहता त्यांनी दगडाला धरलं आणि आतल्या सापाने बोट धरलं. वाचले ते नशिबाने. “भित्तीले हात लावला त उद्यापासून पोहनं बंद,” असं ते मला पाण्यात उतरायच्या आधी रोज सांगायचे. म्हणून मी भिंतीपासून हातभर अंतर राखून पोहायचे. समोरच्या बाजूला जायचं असेल तर भिंत यायच्या आधीच अंग वळवायचं आणि माघारी फिरायचं. डोळे मिटलेले असले तरी भिंत जवळ आलेली मला कळायची, कारण भिंतीपाशी पाणी वेगळं लागतं. ते कसं वेगळं लागतं हे मला अजूनही कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

आठवीला मला अकोल्याला आत्याकडे ठेवलं, कारण गावातली शाळा सातवीला संपत होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एकटी राहायची, ब्लाउज शिवायची, आणि तिला गप्प बसलेलं माणूस बघवत नसे. मी घराच्या आठवणीने तोंड पाडून बसले की ती मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहायची. चौथ्या दिवशी म्हणाली, “हे असं थोबाड मी सालभर नाई पाहू शकत. चाल, तुले पाण्यात टाकून येतो.” आणि खरंच हाताला धरून शहरातल्या तरण तलावावर घेऊन गेली. पोहण्याचा पोशाख तिनेच शिवला, लेगिंगच्या कापडाचा. पाण्यात तो मागून फुगायचा. तलावावरच्या मुली खदाखदा हसायच्या. त्यांना मागून छान दिसायचं, कारण मी पुढे असायचे.

पहिल्या दिवशी मी एका टोकाकडून सरळ दुसऱ्या टोकाला निघाले आणि दोन दोऱ्यांखालून तिसऱ्या लेनमध्ये जाऊन निघाले. विहिरीत सदा डावीकडून फेरा मारलेला, अंगाला सरळ जाणं माहीतच नव्हतं. तिथले प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, काठावरून म्हणाले, “घाण्याले जुंपली होती का तुले?” सरांचं पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला. त्यांना पाण्यात उतरलेलं मी कधीच पाहिलं नाही. पण नजर पक्की होती. आठवड्यात त्यांनी मला सरळ केलं आणि दहाव्या दिवशी माझं नाव जिल्हा स्पर्धेत घातलं, शंभर मीटर फ्रीस्टाइलला. म्हणजे तलावाची एक लांबी जायचं आणि एक लांबी यायचं. संध्याकाळी तलावात इतकी गर्दी असायची की सरावात आम्ही एकच लांबी पोहायचो, वर चढायचो आणि काठाने चालत परत यायचो. त्यामुळे मी वळते कशी हे कुणी पाहिलंच नव्हतं. शर्यतीच्या आधी मी सरांना विचारलं, नेमकं काय करायचं? ते म्हणाले, “पल्याड जा अन् वापस ये. बस.”

मी पल्याड गेले आणि वापस आले. काठ धरून मागे पाहिलं तेव्हा बाकीच्या अजून निम्म्या वाटेवर होत्या. मी हसत होते. मग दिसलं की पलीकडच्या टोकाला खुर्चीवर बसलेल्या पंचांनी हात वर केला आहे. मी बाद झाले होते. फ्रीस्टाइलमध्ये वळताना अंगाचा कुठला तरी भाग भिंतीला लागावाच लागतो. मी मात्र शिकवल्याप्रमाणे, हातभर आधी, अगदी सफाईने वळले होते.

मी भांडले. ओल्या अंगाने पलीकडे जाऊन पंचांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, “मी पयली आली. सगळ्याईनं पाह्यलं.” पंच हसले. कुठे शिकलीस, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “मग बरोबर आहे,” ते म्हणाले. “तू विहिरीतच पोह. विसर्जनाला बुडणाऱ्यांना बाहेर काढायला तुझ्यासारखे लागतातच.” सगळे हसले, त्यात सरही होते. त्या दिवसापासून तलावावर माझं नाव ‘विहीर’ पडलं. मी चिडेन अशी त्यांची अपेक्षा होती, म्हणून मी हाकेला ओ द्यायला लागले.

नियम कळला तरी अडचण संपली नाही. हात भिंतीला लागेना. पोहत भिंतीपाशी आले की हात आपोआप आखडायचा आणि अंग वळून जायचं. निळ्या गुळगुळीत टाइलमध्ये साप कुठून येणार, हे मला कळत होतं, मी मूर्ख नव्हते. हाताला कळत नव्हतं. सर ओरडून दमले. मला भिंतीला हात टेकवून दहा दहा मिनिटं उभं केलं, तेव्हा हात राहायचा. पोहत आले की पुन्हा तेच. शेवटी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “तुया बापानं तुले चुकीचं शिकवलं.” मी पाण्यातूनच म्हणाले, “त्याईनं शिकवलं म्हणून मी जित्ती आहो.” सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही काही त्यांच्या मागे गेले नाही.

दिवाळीला गावी गेले ती ठरवूनच गेले. विहीर तुडुंब होती. बाबा पायरीवर बसून मोटारीच्या पाइपाला रबर गुंडाळत होते. मी पाण्यात शिरले, सरळ समोरच्या भिंतीकडे गेले आणि दोन्ही तळहात दगडावर ठेवले. वरच्या कपारीतून पारवे फडफडत बाहेर पडले. मागे पाहिलं तर बाबा उभे राहिले होते.

“हात काढ,” ते म्हणाले.

“नाई काढत.”

“काढ म्हनलं ना, माय.”

“मले याच्याच पायी बाद केलं, बाबा. तिथं भित्तीले हात लावाच लागते. मले हे शिकाच लागीन.”

तोवर मी घरी काहीच सांगितलं नव्हतं. हरले एवढंच कळवलं होतं. आता पाण्यात तरंगत, दगडाला धरून, मी सगळं सांगितलं. पंच काय म्हणाले ते सांगितलं आणि सर काय म्हणाले तेही सांगितलं. ते दुसरं सांगायला नको होतं. बाबांनी हातातलं रबर खाली ठेवलं, स्वतःच्या करंगळीकडे एकदा पाहिलं आणि पायऱ्या चढून निघून गेले. मला वाटलं, रागावले. दिवसभर आम्ही एकमेकांना टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले तर शेजारच्या शेतातले दोघे दोर धरून वर उभे होते. दोरांना बांधलेली बाज विहिरीत लोंबकळत होती आणि बाजेवर बाबा मांडी घालून बसले होते. मांडीशी घमेलं, घमेल्यात सिमेंट. मोटार चालवून त्यांनी पाणी दोन हात उतरवलं होतं. काठी घालून एकेक कपार तपासली, त्यात दगडाच्या चिपा ठोकल्या आणि वरून सिमेंट लिंपून पायऱ्यांच्या बरोबर समोर भिंतीवर एक चौकोन केला. बाबांनी जन्मात कधी गिलावा केला नव्हता, त्यामुळे चौकोन चारही बाजूंनी वाकडा झाला. दोर धरणाऱ्यांतला एक म्हणाला, “काय गा, विहिरीले बंगला बांधून राहिला का?” बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, “पोरगी हात लावनार हाये.”

सिमेंट वाळलं, पाणी पुन्हा चढलं आणि सुट्टी संपेपर्यंत मी त्या चौकोनाला हात लावत राहिले. पहिल्या दिवशी दर वेळी अंगावर काटा यायचा. तिसऱ्या दिवशी कमी झाला. पाचव्या दिवशी हात आपणहून गेला, आणि मी विहिरीच्या मध्यावर येऊन मोठ्याने हसले. होळीच्या सुमारास गावी गेले तेव्हा पाणी खाली गेलं होतं आणि चौकोन वर कोरडा पडला होता. पण त्याच्याखाली दुसरा तयार होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिसरा. मी सांगितलेलं नव्हतं. आजही आमच्या विहिरीत एकाखाली एक तीन वाकडे चौकोन आहेत. नवीन माणूस डोकावून विचारतो, हे काय? बाबा म्हणतात, “शाळा व्हय थे.”

नववीत मी जिल्ह्याला पहिली आले, भिंतीला हात लावून. पुढे विभागीय स्पर्धा अमरावतीला होती आणि तिथे जी पहिली येईल ती एकटी राज्याला जाणार होती. घरी तेव्हा एकच वाद चालू होता. पुढच्या वर्षी दहावी, आणि आईने स्पष्ट सांगितलं होतं की राज्याला गेलीस तर पुढे पोह, नाहीतर पाण्याचं नाव काढू नको. आईचंही चुकत नव्हतं. घरात दहावी झालेली मी पहिलीच असणार होते. पण मला राज्याला जायचंच होतं. मी दुसरा विचारच करत नव्हते, आणि कुणी केलेला मला खपत नव्हता.

अमरावतीला बाबा आले. माझी शर्यत त्यांनी तोवर पाहिलेली नव्हती. सगळी माणसं सुरुवातीच्या टोकाला गर्दी करून उभी होती, कारण शर्यत तिथे सुरू होते आणि तिथेच संपते. बाबा मात्र विचारत विचारत पलीकडच्या टोकाला गेले आणि जाळीला धरून उभे राहिले. पायात स्लिपर, खांद्याला पिशवी. त्या टोकाला खुर्चीवर बसले होते ते गेल्या वर्षीचेच पंच.

शर्यत सुटली. मी वळले तेव्हा तळहात पूर्ण टेकला होता. टाइल गार लागली, हे मला आजही आठवतं. परत आले, काठ धरला, पहिली आले होते. डोक्यावरचं पाणी निथळत वर पाहिलं, तर पलीकडे पंचांचा हात वर होता.

माझं आजही स्पष्ट मत आहे की त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला. बाकीच्या मुली बाहेर पडल्या. मी पडले नाही.

“बाहेर ये,” कुणीतरी म्हणालं.

“नाई येत. हात लागला होता.”

पुढच्या शर्यतीच्या मुली उडी मारायच्या ओट्यांवर येऊन उभ्या होत्या. शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. सर काठाशी वाकून दबक्या आवाजात म्हणाले, “तमाशा नोको करू.” मी लेनच्या दोरीत हात अडकवले आणि तशीच राहिले. मला भीती वाटत होती, पण बाहेर येण्याची त्याहून जास्त वाटत होती. बाहेर आले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. शेवटी मुख्य पंच आले. त्यांनी मला दुसऱ्या टोकाला बोलावलं, मी पाण्यातूनच गेले. दुसऱ्या एका पंचाला विचारलं तर तो शेजारची लेन बघत होता. मग खुर्चीवरचे आमचे पंच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हिचं हे नेहमीचंच आहे, साहेब. बापाने विहिरीत टाकून शिकवलंय. हात कुठे लावायचा ते शिकवलंच नाही.”

बाबा जाळीपलीकडे चार पावलांवर होते. त्यांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. ज्या माणसाने बाजेवर बसून माझ्यासाठी विहीर लिंपली तो माणूस चोरासारखा स्वतःच्या स्लिपरांकडे बघत होता. मला त्या क्षणी जो राग आला तसा राग पुन्हा कधी आलेला नाही.

मुख्य पंचांनी तोडगा काढला. हिला एकटीला पुन्हा पोहू द्या, वेळ धरू, दुसऱ्या आलेल्या मुलीपेक्षा कमी वेळ लागला तर ही पहिली. असं काही नियमात बसत नाही, हे मला पुढे कळलं. अर्धा तास दम खा, ते म्हणाले. मी म्हणाले, “नको. आत्ताच.” सरांनी कपाळाला हात लावला.

मी सुटले. दंड भरून आले होते, पाय जड झाले होते, आणि अख्ख्या तलावात माझ्याच पाण्याचा आवाज होता. तरी वेग ठीक होता. भिंत आली. मी तळहात टाइलवर ठेवला आणि तो तिथेच ठेवला. डोकं पाण्याबाहेर काढलं. पंच खुर्चीतून माझ्यावर वाकले होते.

“दिसला?” मी विचारलं.

त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं.

“हात दिसला का?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग मी वळले.

मी हरले. सेकंदाच्या आतल्या फरकाने हरले. भिंतीशी मी किती थांबले ते कुणी मोजलं नव्हतं, पण त्या फरकापेक्षा ते नक्कीच जास्त होतं. सरांनी मला हातसुद्धा दिला नाही वर यायला. “तू जितली होती,” ते म्हणाले. “जितलेली शर्यत तू मान वर करून फुकट घालवली.” ते खरं होतं, म्हणून मी उलट बोलले नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. आईशी भांडून, एक वेळ जेवण सोडून, मी दहावीतही पोहले. पुढल्या वर्षी राज्याला गेले, त्यानंतर चार वेळा गेले, दोनदा राष्ट्रीय स्पर्धेत उतरले. राष्ट्रीयला पदक कधीच मिळालं नाही, उगीच फुशारकी कशाला मारू. वळताना कोलांटी घेऊन पायाने भिंत ढकलायला शिकले आणि त्यात मी चांगलीच तरबेज होते. आता अकोल्यात मुलींना पोहायला शिकवते. ही गोष्ट ज्यांना माहीत आहे ते मला अजून शहाणपण शिकवतात. तेव्हा थांबली नसतीस तर एक वर्ष आधी गेली असतीस, पुढे कुठे पोचली असतीस. मी म्हणते, तीच शर्यत परत द्या, मी परत थांबेन. त्या माणसाला मान हलवावी लागली, आणि ती मी हलवायला लावली.

हे उत्तर मी सगळ्यांना देते. एकाच माणसापुढे ते मला देता आलं नाही.

त्या दिवशी मला सरांबरोबर अकोल्याला जायचं नव्हतं, म्हणून मी बाबांबरोबर गावी निघाले. अमरावतीच्या स्टँडवर, गावाकडे जाणाऱ्या अकोटच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. माझे केस ओलेच होते. बाबा पिशवी मांडीवर घेऊन खाली बघत होते. मला वाटत होतं, मी हरले म्हणून त्यांना वाईट वाटतंय. किंवा आईला काय सांगायचं याचा विचार करत असतील.

“थांबली कावून तू?” त्यांनी विचारलं.

“त्या पंचाले हात दिसावा म्हणून. तुमाले बोलला न तो.”

बाबा समोर लागलेल्या गाडीकडे पाहत राहिले. लोक चढत होते, खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत होते. गाडी आमची नव्हती.

“मी तिथंच त उभा होतो, माय,” ते म्हणाले. “मले पयल्या खेपेलेच दिसला होता.”